घोयरा दिसला तर काठी शोधू नका

बागेत बेणणी (तण काढणं) चालू असताना घोयरा, म्हणजे शॅमेलिऑन सरडा, दिसला की आमच्या सिंधुदुर्गात अजूनही पहिला हात काठीकडे जातो. "तेका हात लावू नको रे, विषारी आसता!" असं शेजारच्या काकी परवासुद्धा ओरडल्या. विषाचा थेंब नाही हो त्याच्यात, फुगतो आणि हिस्स करतो ते पण घाबरून.

परवाचा निर्गुडीवर होता. पायाची बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली, फांदी पक्की चिमटीत धरलेली, पाऊल टाकायच्या आधी पुढेमागे झुलणार, एक डोळा माझ्यावर आणि दुसरा भलतीकडेच नाकतोड्यावर, आणि मग अंगापेक्षा लांब जीभ सटकन बाहेर, नाकतोडा गायब, मी एवढा जवळ असून मला नीट दिसलं पण नाही!

जगात शॅमेलिऑनच्या दोनशेच्या वर जाती आहेत, जवळजवळ निम्म्या मादागास्करमध्ये, आणि तिथे जंगल तोडून जाळून शेती करतात त्यामुळे कित्येक जाती छोट्या छोट्या तुकड्यांत अडकल्यात. तिथलाच व्होल्ट्झकोवचा शॅमेलिऑन शंभर वर्षं कोणाला दिसला नव्हता, २०१८ मध्ये परत सापडला. भारतात मात्र ही एकच जात, आपला घोयरा. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत तो 'कमी चिंतेचा' आहे, पण तो शिक्का घोयरा जिथे जिथे राहतो त्या अख्ख्या पट्ट्याचा, आमच्या वाडीचा नाही, आणि इथे तो आधीच क्वचित दिसतो.

मला सगळ्यात जास्त काळजी मादीची वाटते. एरवी झाडावरच राहणारी ती अंडी घालायला जमिनीवर उतरते, खड्डा खणते, अंडी घालून माती लोटते. त्या हळू, झुलत्या चालीने डांबरी रस्ता ओलांडायचा म्हणजे गाडीखाली जाणारच. वर उन्हाळ्यात सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत पेटवायची आपली सवय, त्या वणव्यात झुडपं जातात आणि एवढ्या हळू चालणाऱ्या प्राण्याने पळायचं कुठे?

रस्त्यात दिसला तर फक्त एक काटकी पुढे धरा, तो आपणहून चढतो, मग ज्या बाजूला चालला होता त्याच बाजूच्या झुडपात सोडा. लांब जंगलात नेऊन सोडू नका प्लीज, आणि घरी तर आणूच नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, पकडणं-पाळणं गुन्हा आहे.

आमच्याकडे यंदा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेची करवंदीची जाळी तोडायची नाही असं ठरलंय, गवत कोयत्याने काढायचं, आग लावायची नाही, गड्यांना पण सांगून ठेवलंय. तुमच्याकडे दिसला असेल तर तालुका आणि महिना सांगा, नेमकी जागा नको, पकडून विकणारे पण वाचत असतात.