सहा डिसेंबर: राजगृह ते चैत्यभूमी

चैत्यभूमीवरचं दर्शन काही सेकंदांचं, रांग मात्र तासन्‌तासांची. त्यामुळे ६ डिसेंबरला दादरला जाताना आम्ही हिशेब रांगेचाच करतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झालं. पार्थिव विमानाने मुंबईत आणून राजगृहात, म्हणजे त्यांच्या घरी ठेवलं आणि ७ तारखेला दादर चौपाटीवर, आज चैत्यभूमी आहे तिथे, अंत्यसंस्कार झाले. आमची वाटही तीच. आधी राजगृह, मग चौपाटी. राजगृह दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. हे नंतरसाठी ठेवलं की राहूनच जातं. रांगेतून सुटलेल्या पायांना परत पूर्वेला येणं नको वाटतं.

पश्चिमेला उतरलं की रानडे रोडने शिवाजी पार्क. टॅक्सीच्या नादी लागू नका, त्या दिवशी आसपासची वाहतूक वळवलेली असते. पार्कात पाणी आणि फिरती शौचालयं असतात. तिथलं सगळं उरकूनच रांगेत शिरावं, कारण मधूनच बाहेर पडलं की जागा गेली. पाच तारखेच्या रात्रीच पुष्कळ लोक उभे असतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन भर दुपारी उभं राहू नका. डिसेंबर असला तरी मुंबईचं ऊन सोडत नाही.

गर्दीत मोबाईलला रेंज मिळत नाही, मिळाली तरी आवाज ऐकू येत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवावं. ‘स्टॉलपाशी’ म्हणण्यात अर्थ नाही, स्टॉल शेकडो असतात. लहान मुलांच्या खिशात नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच. आणि पांढरे कपडे घालणार असाल तर पार्कातली लाल माती लक्षात असू द्या.

सांचीच्या धर्तीवरचं तोरण ओलांडलं की छोटा घुमट, आत बाबासाहेबांचा अर्धपुतळा, अस्थी आणि बुद्धमूर्ती. थांबू देत नाहीत, तेव्हा हात आधीच जोडलेले असावेत. मेणबत्त्या समुद्राच्या वाऱ्याने विझतात. हारांऐवजी वही-पेन न्यावं, ती निदान एखाद्या पोराच्या हाती लागतात.

आमच्या मते खरा वेळ द्यावा तो पुस्तकांना. राज्य सरकारने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड दिसले तर तिथेच घ्यावेत, एरवी हवा तो खंड मिळेलच असं नाही. मात्र खरेदी दर्शनानंतर. जाडजूड खंड खांद्यावर घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा. कापडी पिशवी दोन बंदांची घ्या, प्लास्टिकची पार्क ओलांडायच्या आतच फाटते.

परतीची गाडी सहा तारखेच्या संध्याकाळची असेल तर वेळ हातात ठेवून निघा, दादरचे पूल तेव्हा तुंबलेले असतात. रात्रीचं किंवा सात तारखेच्या दुपारचं तिकीट मिळालं तर उत्तम. सात तारखेला सकाळी चैत्यभूमीवर पुन्हा जाता येतं. अंत्यसंस्काराची तारीख तीच, आणि गर्दी ओसरलेली असते.