एजिनाची अफाया

अथेन्सला आलेले बहुतेक जण अ‍ॅक्रोपोलिस बघतात आणि सँटोरिनीकडे पळतात. आम्ही पिरियस बंदरातून एजिना बेटाची बोट धरली. तासाभराचा प्रवास. धक्क्यावर उतरताच पिस्त्यांची दुकानं. इथला पिस्ता ग्रीसभर नावाजलेला. आधी पिशवीभर घेतला, मग बसमध्ये चढलो. बस संत नेक्टारिओसच्या मठावरून पाइनच्या झाडीत शिरते आणि डोंगरावर देऊळ समोर येतं.

अफायाचं देऊळ. झ्यूस, अथेना, अपोलो आपण ऐकून असतो. हिला कोण ओळखतं? कथा अशी, की क्रीटमधल्या ब्रिटोमार्टिसला शिकारीचा भारी नाद, शिकारीची देवी आर्टेमिस हिची ती लाडकी. राजा मिनोस तिच्या मागे लागला. त्याला चुकवायला तिने समुद्रात उडी घेतली, ती थेट कोळ्यांच्या जाळ्यात. एका कोळ्याने तिला एजिनाला आणलं, पण त्याचीही नियत फिरली. मग ती इथल्या राईत शिरली आणि दिसेनाशी झाली. त्या जागेची देवराई झाली, अफाया म्हणून तिची पूजा सुरू झाली. इथे मातीच्या मायसीनियन (ग्रीसमधल्या कांस्ययुगातल्या) बाहुल्या सापडल्यात, काहींच्या कडेवर मूल आहे. म्हणजे आत्ताच्या देवळाच्या कितीतरी आधीपासून बायका इथे येत असणार.

आत्ताचं देऊळ इ.स.पू. 500च्या आसपासचं. 32 खांबांपैकी दोन डझन तरी उभे आहेत, आणि बाहेरचे बहुतेक खांब एकेका अखंड दगडाचे! मी एकाभोवती दोनदा फिरून सांधा शोधला.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. देऊळ हिचं, पण दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी दर्शनी भागात ट्रॉयची युद्धं कोरलेली आणि मधोमध उभी अथेना. ती शिल्पंही आता इथे नाहीत. 1811मध्ये इंग्रज आणि जर्मन वास्तुविशारदांनी ती खणून काढली, पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या बव्हेरियाचा युवराज लुडविग याने विकत घेतली. पॉसेनियस या प्राचीन प्रवाशाने अफायाचं देऊळ नाव घेऊन नोंदवलंय, कवी पिंडारने तिच्यासाठी गीत रचल्याचंही लिहिलंय. तरी विद्वान हे देऊळ कधी झ्यूसचं, कधी अथेनाचं म्हणत राहिले. शेवटी 1901च्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ फुर्टवेंगलर यांना तिचं नाव कोरलेला शिलालेख मिळाला, तेव्हा कुठे वाद मिटला.

परतताना बस सोडून पायवाटेने आगिया मरीनाला उतरलो. शिल्पं बघायची तर म्युनिकच्या ग्लिप्टोथेक या संग्रहालयात जावं लागेल. ते पुढच्या सुट्टीत.