बदाम, इस्पिक आणि ७८ पत्ते : आमची वाटचाल

२०१५ साली डोंबिवलीत, आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी टॅरोचा, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य वाचण्याचा, पहिला वर्ग घेतला. चौघी होत्या, त्यांतली एक माझी जाऊ. फी पाचशे रुपये. तिने ती अजून दिलेली नाही. आता हिशेब तीच बघते, त्यामुळे विषय काढता येत नाही.

सुरुवातीला आमचं सगळं दुकान एका झेरॉक्सवर चालायचं. ७८ पत्ते, प्रत्येकासमोर दोन-तीन शब्द. फोर ऑफ कप्स, म्हणजे चार पेले : असमाधान. फाइव्ह ऑफ कप्स : दुःख. एट ऑफ कप्स : निराशा. बायका पाठ करायच्या आणि पंधरा दिवसांत तिन्हींची खिचडी करायच्या. “ताई, कपवाले सगळे रडकेच का हो?” असं एकीनं विचारलं आणि मला उत्तर सुचेना.

उत्तर दिलं बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. त्यांनी तिन्ही पत्ते टीपॉयवर ओळीनं मांडले. “हा बसलाय, हा उभा आहे, हा निघाला.” चारमधला पोरगा झाडाखाली हाताची घडी घालून बसलाय, ढगातून आणखी एक पेला पुढे आलाय, त्याचं लक्ष नाही. पाचमधला काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांपाशी मान खाली घालून उभा आहे. मागे दोन शाबूत आहेत, ते त्याला दिसत नाहीत. आठमधला रचलेले पेले तसेच ठेवून, काठी घेऊन डोंगराकडे चाललाय. त्याचा एकही सांडलेला नाही! एकाला नकोय, एकाचं गेलंय, एकानं आपणहून सोडलंय. नोकरीचं विचारायला आलेल्याला यातला कोणता निघाला, त्यावर पुढचं सगळं बोलणं बदलतं.

झेरॉक्स त्या दिवशी बंद झाली. तेव्हापासून पत्ता एकटा शिकवायचा नाही, शेजाऱ्यासकट शिकवायचा. आकड्यांच्या पत्त्यांखेरीज नावांचेही पत्ते असतात. त्यातले लव्हर्स आणि डेव्हिल शेजारी ठेवले की मांडणी तीच दिसते : खाली स्त्री-पुरुष, वर एकात देवदूत, दुसऱ्यात शिंगवाला. डेव्हिलमधल्या गळ्यातल्या साखळ्या मात्र इतक्या सैल, की मनात आणलं तर डोक्यावरून काढता येतील. हे बारकाव्याचं वाचन जमतं ते पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीमुळे. १९०९ साली लंडनमध्ये टॅरोचे अभ्यासक आर्थर वेट यांच्यासाठी पत्त्यांचा जोड काढताना तिनं आकड्यांच्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवले. फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय जोडात पाच पेले म्हणजे नुसते पाच पेले, आपल्या बदाम पंजीसारखे.

तसे हे पत्तेच. कप म्हणजे बदाम, तलवारी इस्पिक, दांडे किलवर, नाणी चौकट. राजा, राणी, गुलामाच्या जोडीला एक घोडेस्वार जास्त. १५व्या शतकात इटलीत ते खेळायलाच निघाले, भविष्य त्यांना चिकटलं १८व्या शतकात, फ्रान्समध्ये. पहिल्याच दिवशी मी हे सांगून टाकते. दोघा-तिघांनी त्यावर फी परत मागितली, दिली.

२०१९ मध्ये मराठी पुस्तिका काढली, ३०० प्रती. टिपणं दोन जोडांवरून घेतलेली. नावांच्या पत्त्यांना क्रमांक असतात, त्यातल्या ८ आणि ११ची वेट यांनी अदलाबदल केली आहे : जुन्या जोडात आठवा जस्टिस, त्यांच्याकडे आठवा स्ट्रेंग्थ. आमच्या पुस्तिकेत दोन जस्टिस छापले गेले आणि स्ट्रेंग्थ गायब! प्रूफं मीच तपासली होती, त्यामुळे छापखान्यावर ओरडायचीही सोय नव्हती. जाऊ आणि मी रात्री बसून तीनशे चिकट्या लावल्या.

लॉकडाऊनमध्ये वर्ग मोबाइलवर गेले, नाशिक-कोल्हापूरची मंडळी जोडली गेली. आजारपण, कोर्टकचेरी आणि लॉटरीचे आकडे यांवरचे प्रश्न आम्ही घेत नाही. त्यात गिऱ्हाईक जातं, जाऊ दे.

काका अजून गुरुवारी येतात. मागच्या बॅचला डेथच्या पत्त्यावर अडलं. पांढरा घोडा, त्यावर सांगाडा, आणि मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य. तो उगवतोय की मावळतोय? पाऊण तास वाद चालला, जावेनं ठेवलेला चहा गार झाला.