निळ्या फ्यूजच्या जागी हिरवा

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. विजेचा धडा फळ्यावर लिहिताना मला पुस्तक उघडावं लागत नाही. म्हणूनच आमच्या गाडीचं जे झालं ते सांगताना थोडी लाज वाटते.

दसऱ्याला गाडी घेतली. आमच्या घरातली पहिलीच नवीकोरी. सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, खजराण्याच्या गणपतीचं दर्शन झालं, गाडी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत विसावली. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी संपेल ते. वॉरंटीची पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये होती आणि चार महिने तिचं प्लास्टिकसुद्धा कोणी फाडलं नाही.

आठवड्याने भाऊजी आले. माझे धाकटे दीर, गाड्यांचा जबरा शौक. त्यांनी हॉर्न वाजवून पाहिला नि तोंड वाकडं केलं. "वहिनी, हा हॉर्न आहे की सायकलची घंटी? राजवाड्याच्या गर्दीत गायसुद्धा मान वळवणार नाही."

ह्यांनी "हो ना रे" म्हटलं आणि पुढच्या रविवारी पोहे-जिलेबी आटोपून आम्ही तिघं स्टेशनजवळच्या एका दुकानात. भाऊजींना हेडलाइटचे बल्बही बदलायचे होते, १०० वॅटचे. तिथे मी अडवलं. मूळ बल्ब ६० वॅटचा, १२ व्होल्टला ५ अँपिअर घेतो. १०० वॅटचा आठच्या वर जातो, आणि वायर तीच राहते. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा झोत वेगळाच. दुकानदारासमोर एवढं व्याख्यान दिल्यावर मी खूश होऊन बाकावर बसले आणि हॉर्नकडे लक्षच दिलं नाही.

म्हणजे पाहिलं, पण कळलं नाही. दुकानातल्या पोराने पुढची जाळी काढली, कंपनीची वायर ब्लेडने बोटभर सोलली, नव्या हॉर्नच्या जोडीची वायर तिला पीळ देऊन गुंडाळली आणि वर काळी टेप. रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट वेगळ्या वायरीतून सोडणारा स्विच) नाही, वेगळी लाइन नाही. बटण दाबलं तर टक्. फ्यूज उडाला. निळा होता, म्हणजे १५ अँपिअरचा. पोराने खिशातून हिरवा काढला आणि त्या जागी खोचला. "अब नहीं उड़ेगा, मैडम." हॉर्न असा वाजला की शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. भाऊजी खूश.

हिरवा फ्यूज ३० अँपिअरचा असतो. पोराचं म्हणणं खरं ठरलं, तो फ्यूज कधीच उडाला नाही. फ्यूज वितळायच्या ऐवजी वायर वितळली.

जानेवारीत विजय नगर चौकात जळका वास आला. मला वाटलं पुढच्या टेम्पोचा. दोन दिवसांनी हॉर्न मुका झाला. "लग्नाहून आलो की बघू," म्हणालो, आणि फेब्रुवारीत पुण्याला माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला रेल्वेने गेलो. चार दिवसांनी परत आलो तर गाडी मढं. रिमोटला दाद नाही, किल्ली फिरवली तर दिवासुद्धा लागेना. शेजारच्या गाडीवरून जंपर लावून चालू केली आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठलं. तक्रारी तीन सांगितल्या: बॅटरी उतरली, हॉर्न बंद आहे, आणि मागची डावी काच डिसेंबरपासून वर जाताना कडकड करते.

सर्व्हिस अॅडव्हायझरने बॉनेट उघडलं. काळी टेप दिसल्याबरोबर मोबाइल काढून तिचे तीन फोटो घेतले. मग जॉब कार्डावर लिहिलं की गाडीत बाहेरचं वायरिंग झालेलं आहे, वॉरंटी लागू नाही. तिन्ही तक्रारींपुढे हेच एक वाक्य. "मैडम, वारंटी तो पूरी खतम."

"काचेची पण?"

"पूरी मतलब पूरी."

आता हॉर्नची वायर आणि मागच्या दाराची काच यांचा काय संबंध? पण त्या क्षणी माझी स्थिती कॉपी पकडलेल्या मुलासारखी होती. आम्ही चोरटेपणा केलाय असं मानून मी गप्प घरी आले.

रात्री पुस्तिकेचं प्लास्टिक फाडलं. मालकांनी गाडीत फेरफार केला तर वॉरंटी रद्द, असं सरसकट कुठेच नव्हतं. लिहिलं होतं ते असं, की फेरफारामुळे किंवा कंपनीच्या नसलेल्या सुट्या भागामुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरला जाणार नाही. हे "मुळे" मी पेन्सिलीने अधोरेखित केलं. "फेरफार केलेली गाडी" आणि "फेरफारामुळे झालेला बिघाड" यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तुमच्या पुस्तिकेत कोणतं वाक्य आहे ते आधी बघा. काही कंपन्या काही बदलांची नावं घेऊन आणखी कडक लिहितात. बॅटरी आणि टायर बहुतेक वेळा मूळ वॉरंटीत नसतातच, त्यांची जबाबदारी त्यांच्या बनवणाऱ्यांची, हेही मला त्याच रात्री कळलं.

माझा भाचा अमेरिकेत आहे. फोनवर म्हणाला, "मावशी, इथे असं करताच येत नाही." तिथे १९७५पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावर कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या पार्टनेच बिघाड केला हे तिला दाखवावं लागतं. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे पुस्तिकेतलं वाक्य आहे आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, ज्यात आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. शिवाय १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर. मी तो फक्त ई-मेलच्या शेवटी लिहिला, फोन करायची वेळ आली नाही.

पण त्याआधी बॅटरी. हॉर्न तर मुका झालेला, वायर तुटलेली. तो चार दिवसांत बॅटरी कशी पिणार? हे मला काही केल्या पटेना. रविवारी मल्टिमीटर घेऊन बसले. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून मीटर मध्ये घातला, १० अँपिअरच्या रेंजवर. गाडीला दार बंद आहे असं वाटावं म्हणून दाराच्या कुलपाची कडी स्क्रूड्रायव्हरने आत दाबली. मग अर्धा तास हात न लावता बसायचं, कारण आजच्या गाड्यांतली कॉम्प्युटरं झोपायला तेवढा वेळ घेतात. सासूबाई अंगणात मटार सोलत होत्या. "गाडी झोपायची वाट बघतेय?" त्यांना हे फार विनोदी वाटलं.

झोपलेल्या गाडीने काही मिलिअँपिअर घ्यावेत, फार तर पन्नासेक. मीटरवर ०.४५ अँपिअर. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. भागून पाहा, ७८ तासांत रिकामी, आणि स्टार्टर तर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. एकेक फ्यूज काढत गेले. सातव्या का आठव्या फ्यूजला आकडा धपकन ०.०३वर आला. त्या फ्यूजवर गाडीचा १२ व्होल्टचा सॉकेट होता, आणि सॉकेटच्या मागून वायर सोलून कोणीतरी मागचा कॅमेरा नि दारातल्या निळ्या लाइटच्या पट्ट्या जोडल्या होत्या. तीच काळी टेप.

ह्या पट्ट्या भाऊजींनी बसवल्या नव्हत्या. त्या शोरूमने बसवल्या होत्या, डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी, १८,५०० रुपयांच्या "अॅक्सेसरी किट"मध्ये!

मी बिल काढलं. मॅट आणि मडफ्लॅपपुढे कंपनीचा पार्ट नंबर होता. कॅमेरा आणि लाइटपुढे रकाना कोरा. म्हणजे शोरूममध्ये मिळालं, शोरूमच्या पोराने बसवलं, शोरूमच्या बिलावर आलं, तरी ते कंपनीचं नव्हतं. आमच्यासारखे लोक बाजाराला घाबरून दुप्पट पैसे शोरूमला देतात, ते "वॉरंटी जाऊ नये" म्हणून. नवी गाडी घेणाऱ्या माझ्या दोन सहशिक्षिकांना मी आता एवढंच सांगते, की किटच्या प्रत्येक ओळीपुढचा पार्ट नंबर बघ, आणि नसेल तर ती ओळ खोडायला लाव.

सोमवारी ई-मेल केला. प्रश्न दोनच. कोणता भाग कोणत्या जोडणीमुळे बिघडला, ते प्रत्येक तक्रारीपुढे वेगवेगळं लिहून द्या. आणि कॅमेऱ्याचा पार्ट नंबर काय? सोबत मीटरचे फोटो, फ्यूज लावलेला नि काढलेला. तिसऱ्या दिवशी फोन आला. आवाज एकदम मऊ. काच वॉरंटीत झाली, ती वरखाली करणारं दारातलं रेग्युलेटर सदोष निघालं. कॅमेरा नि पट्ट्या त्यांनी काढल्या, त्या दोन ओळींचे पैसे परत केले, नवी बॅटरी त्यांच्या खर्चाने बसवली. त्याला ते "गुडविल" म्हणाले. म्हणोत बापडे.

हॉर्नची वायर मात्र आमच्या गळ्यात. पुढच्या हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा, जळालेला तुकडा बदलायला ४,२०० रुपये. त्यावर मी चकार शब्द काढला नाही. तो बिघाड आमच्या "मुळे"च झाला होता. हॉर्न मोठा हवाच असता तर कंपनीच्या कपलरमध्ये (वायर जोडायच्या खोबणीत) बसणारी, रिलेवाली तयार हार्नेस मिळते. एकही वायर सोलावी लागत नाही आणि उद्या काढून टाकली तर मागे खूण राहत नाही. ते करायला जेमतेम काही शे रुपये जास्त लागले असते.

ही हकिगत स्टाफरूममध्ये सांगितली तर प्रत्येकाच्या पोतडीतून काहीतरी निघालं. केमिस्ट्रीच्या सरांनी नव्या गाडीत बाहेरून सीएनजी बसवला; इंजिन आणि इंधनाची वॉरंटी तिथेच गेली, हे त्यांना आधी सांगितलं गेलं होतं आणि हिशेब करूनच त्यांनी ते केलं, त्यामुळे त्यांची तक्रार नाही. आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी, हेही ते इमानदारीने करतात. शिपायाच्या मुलाने रुंद टायर नि मोठी अॅलॉय व्हील्स लावली आणि आता व्हील बेअरिंग घुमतंय. त्याचा दावा टिकणं कठीण आहे, कारण तिथे "मुळे" सहज सिद्ध होतं. इंजिनच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग बदलून ताकद वाढवणारे तर धन्यच. जुना मॅप परत टाकला की कळत नाही असं त्यांना वाटतं, पण बऱ्याच गाड्यांत किती वेळा फ्लॅश केलं, म्हणजे मॅप नव्याने टाकला, त्याची मोजदाद आतच राहते.

माझा एक जुना विद्यार्थी पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रात ट्रेनिंग करून आला. तिथे ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ साली सुरू झाला. तो म्हणाला, "मॅडम, मंजुरी आख्ख्या गाडीला मिळते, जशी ती चाचणीला आली तशी." म्हणजे बदल करणं हा वॉरंटीच्या पलीकडचा, कायद्याचाही प्रश्न आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलं की मूळ बनावटीपेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भाऊजींच्या मनात पुढे लोखंडी क्रॅश गार्ड होता. त्याला केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच मनाई केलीय. टक्कर झाली की एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का हवा तसा पोचत नाही. कलम वाचून दाखवल्यावर त्यांनी तो विषय सोडला. आता ते स्वतःच्या गाडीला काय करतात ते मी विचारत नाही.

त्याच ओघात मी सीट कव्हरही काढली. सहा एअरबॅगच्या गाडीत बाजूच्या दोन एअरबॅग सीटच्या कडेतून उघडतात, आणि आमची रेक्झिनची कव्हरं तिथे चारी बाजूंनी शिवलेली होती. सासूबाईंचा कडाडून विरोध. "रंगपंचमी तोंडावर आलीय, इंदूरला राहतेस ना तू?"

गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघून परत येताना मी सीटवर जुन्या चादरी घातल्या होत्या. तरी मागच्या डाव्या सीटच्या पाठीवर गुलाबी पंजा उमटलाय, पाचही बोटं स्पष्ट. शाम्पूने गेला नाही, व्हिनेगरने गेला नाही. सासूबाई म्हणतात तो त्यांचा नाही.