इन्सुलिनची फेरी आणि टेबलावरचा फोन

एका वेळी एकच काम करण्याची चैन रुग्णालयाच्या वॉर्डात कोणालाही परवडत नाही, हे वॉर्ड इन्चार्ज म्हणून मला पूर्ण मान्य आहे. चादर बदलता बदलता रुग्णाचा श्वास, त्वचेचा रंग आणि बोलण्यातला थकवा टिपणारी सिस्टर हीच चांगली सिस्टर. तिला ‘आधी चादर, मग रुग्ण’ असे सांगणे वेडेपणाचे ठरेल. हात सवयीने चालत असतात तेव्हा डोके मोकळे असते, म्हणूनच घरी कपड्यांच्या घड्या घालताना रेडिओवरची बातमी नीट ऐकता येते. अडचण येते ती दोन्ही कामांना डोकेच लागते तेव्हा, आणि ती कशी येते हे मी एका सकाळी अगदी हाताच्या अंतरावरून पाहिले.

औषधांच्या फेरीत सिस्टरांना कोणकोणत्या कारणांनी थांबावे लागते, याची नोंद करण्यासाठी मी त्या दिवशी वही घेऊन ट्रॉलीजवळ उभी होते. नाश्त्याआधीचे इन्सुलिन देण्याचे काम एका तरुण, चपळ आणि कामात चोख सिस्टरकडे होते. आमच्याकडे तेव्हा इन्सुलिन दोन तीव्रतांचे येत असे, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट. 40 च्या सिरिंजला लाल टोपण, 100 च्या सिरिंजला नारिंगी, आणि दोन्हींवरच्या खुणांचे माप अर्थातच वेगळे.

तिने पुढच्या रुग्णासाठी लाल टोपणाची सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. प्रयोगशाळेतून एका रुग्णाचे पोटॅशियम धोकादायक वाढल्याचे कळवत होते. तिने रिसीव्हर खांद्यात धरून त्या रुग्णाचा चार्ट उघडला, आकडा लिहिला, नियमाप्रमाणे वाचून दाखवला आणि डॉक्टरांना निरोप दिला. ती वळते तोच एका नातेवाइकाने सलाइन संपत आल्याचे सांगितले. तेही तिने जाऊन पाहिले. परत आली तेव्हा हाताशी उघडा चार्ट पोटॅशियमवाल्या रुग्णाचाच होता आणि त्यालाही इन्सुलिन द्यायचे होतेच, म्हणून तिने आधी त्याचे भरायला घेतले. त्याची बाटली 100 ची होती. हाताने मात्र ट्रेमध्ये आधीच काढून ठेवलेली 40 ची सिरिंज उचलली.

“थांब, ती सिरिंज खाली ठेव,” मी म्हणाले.

“मॅडम, वीसच घेतलंय. दोनदा बघितलं,” ती म्हणाली, आणि ते खरे होते. चार्टवर 20 लिहिलेले होते, द्रव 20 च्या खुणेवर होता, बाटलीही त्याच रुग्णाची होती. पण 40 च्या सिरिंजवर 20 ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि 100 च्या इन्सुलिनचा अर्धा मिलिलिटर म्हणजे 50 युनिट, अडीचपट मात्रा. दुसऱ्या सिस्टरची तपासणी अजून व्हायची होती, हे खरे. तरी तिनेही आधी 20 चा आकडाच पाहिला असता, अशी शंका मला आजही वाटते.

घटनेच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात ‘दुर्लक्ष’ लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे. मी ते लिहू दिले नाही. फोन, निरोप, सलाइन, मात्रा या प्रत्येकाकडे तिने पुरते लक्ष दिले होते. चूक झाली ती एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यातून परत येण्याच्या सांध्यावर. मन दोन विचारांची कामे एकदम करत नाही, एकावरून दुसऱ्यावर उडी मारते, आणि प्रत्येक उडीची किंमत असते. सिडनीतील दोन रुग्णालयांत 98 परिचारिकांचे निरीक्षण करून 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध देताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचे प्रमाण सुमारे 12 टक्क्यांनी वाढलेले आढळले होते.

पुढच्या बैठकीत ‘सगळ्यांनी एकाग्र व्हा’ असा ठराव येऊ लागला, तेव्हा मी विमानांचा विषय काढला. 1981 पासून अमेरिकेत 10,000 फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे आणि कामे वैमानिकांना वर्ज्य आहेत, हे उदाहरण सगळ्यांना आवडले. मग मी 1972 च्या डिसेंबरात फ्लोरिडातील दलदलीत कोसळलेल्या विमानाची गोष्ट सांगितली. तिथे कोणी चार कामे करत नव्हते. पुढच्या चाकाचा दिवा का लागत नाही या एकाच प्रश्नात सगळा चालकवर्ग गुंतला होता आणि विमान खाली येत आहे हे पाहायला कोणीच मोकळे नव्हते. एकाने एकच काम करायचे, तर बाकीची कामे दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर असायला हवीत. नुसत्या एकाग्रतेचा आग्रह धरणारे हा भाग सोयीस्करपणे विसरतात.

त्याप्रमाणे इन्सुलिनच्या वेळी फोन आणि नातेवाईक एका सिस्टरकडे सोपवले. ‘बोलू नका’ असे लिहिलेला अंगरखा घालण्याची सूचनाही आली होती, ती मी फेटाळली. घाबरलेल्या रुग्णाला पाठीवरची पाटी वाचायला लावणे मला पटत नाही. त्याऐवजी इन्सुलिन भरण्याचे टेबल आतल्या खोलीत नेले. डॉक्टर काही दिवस कुरकुरले, मग ज्या सिस्टरकडे फोन आहे तिलाच हाक मारू लागले.

रात्रपाळीला मात्र ही सोय नाही, कारण तिथे वाटून घ्यायला माणूसच नसतो. त्यांच्यासाठी इतकाच नियम केला की, भरताना मध्येच उठावे लागले, तर ती सिरिंज टाकून द्यायची आणि चार्ट वाचण्यापासून पुन्हा सुरुवात करायची. सिरिंजचा खप का वाढला, अशी स्टोअरकडून लेखी विचारणा आली, तेव्हा मी रात्रपाळीला आणखी एक सिस्टर देण्याची मागणी त्याच उत्तराला जोडून पाठवली.