छोट्या खोलीतलं ५.१: बैठक ठरली, आता सबवूफर

घरी ५.१ होम थिएटर बसवतोय: पाच स्पीकर आणि खोल आवाजासाठी एक सबवूफर (सब). खोली ४.२ मीटर लांब, ३ मीटर रुंद. भिंतीला अजून एकही भोक पाडलेलं नाही, पण सगळ्यात मोठा प्रश्न सुटला: बसायचं कुठे. सोफा मागच्या भिंतीला टेकवला तर जागा वाचते, पण तिथे बेस (खोल आवाज) फुगतो आणि सराउंड स्पीकरना, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणाऱ्या दोघांना, कानामागे जागाच उरत नाही. म्हणून आधी बैठक, मग स्पीकर.

समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर घुमतात, काही जागी फुगतात आणि काही जागी बुजतात; त्यांना मोड म्हणतात. खोलीच्या लांबीचा पहिला मोड येतो ३४३ (आवाजाचा वेग, मीटर प्रति सेकंद) भागिले ८.४ (लांबीची दुप्पट), म्हणजे साधारण ४१ हर्ट्झवर. खोलीच्या बरोबर मध्यावर, २.१ मीटरवर, तो बुजतो. दुसरा ८२ हर्ट्झचा. तो समोरून ३.१५ मीटरवर बुजतो. कान या दोन जागांच्या मधे हवेत, म्हणून समोरच्या भिंतीपासून २.७ मीटर धरले. मागे दीड मीटर मोकळं राहतं, आणि छोट्या खोलीतही ते सोडावंच असं माझं ठाम मत आहे.

आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) मांडणीत डावा-उजवा स्पीकर श्रोत्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून ३० अंशांवर असतात. इथे तसं केलं तर दोन्ही थेट कोपऱ्यांत शिरतात. डॉल्बीला २२ ते ३० चालतात, तेव्हा २४ अंश घेतले: दोघांत २.१४ मीटर, बाजूच्या भिंतींपासून ४३ सेंटिमीटर. सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, पडद्याखाली, कानांच्या दिशेने वर कललेला. संवाद तिथूनच येतात, त्यामुळे स्पीकर निवडताना सेंटरवर काटकसर नाही.

सराउंड ११० अंशांवर, म्हणजे बाजूच्या भिंतींवर, कानांच्या ५५ सेंटिमीटर मागे. ते समोरच्यांपेक्षा एक मीटरने जवळ पडतात. हा जवळपास ३ मिलिसेकंदांचा फरक रिसीव्हरच्या (स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या) डिलेने, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा उशिरा सोडून, भरून निघेल. ७.१ चा (मागे आणखी दोन स्पीकर) विचार सोडला. एवढ्या जागेत बाजूचे आणि मागचे स्पीकर एकमेकांत मिसळतील. त्यापेक्षा पुढे कधीतरी छतात दोन बसवता यावेत म्हणून वायर आताच ओढून ठेवतोय.

राहिला सब. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा आवाज सबकडे जाणार. अडचण रुंदीच्या मोडची: ५७ हर्ट्झ नेमके मध्यरेषेवर बुजतात आणि आपण बसणार तिथेच! आता सब सोफ्याच्या जागी ठेवून स्वीप (खालपासून वर चढत जाणारा सूर) वाजवायचा आणि माइक जमिनीलगत भिंतींच्या कडेने फिरवायचा. जिथे मोजलेल्या आवाजाचा आलेख सर्वात सपाट, ती सबची जागा. कुठेही ५७ च्या आसपासचा खड्डा भरला नाही, तर दोन लहान सब घेईन, समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर. तिथून रुंदीचा तो मोड फारसा उठतच नाही. आलेख पुढच्या नोंदीत टाकतो.