मशीनमधून निघालेले दोन लबुबू

गेल्या रविवारी, दादरच्या आमच्या दुकानात, दोन जावा आल्या. मागे त्यांच्या दोन पोरी. थोरल्या बाईंनी काउंटरवर पिशवी उपडी केली तर दोन फिकट हिरवे लबुबू बाहेर पडले, म्हणजे सशासारखे कान असलेल्या, दात विचकणाऱ्या फरच्या बाहुल्या. दोन्ही ओलसर, दोघांच्याही अंगाला कपड्यांच्या साबणाचा वास.

"आमच्या बाईंनी दोन्ही मशीनमध्ये टाकले हो! ह्यातला एक माझ्या भावाने सिंगापूरहून आणलाय, दुसरा क्रॉफर्ड मार्केटचा. आता कुठला कुठला ते सांगा," थोरल्या म्हणाल्या. खोके कधीच रद्दीत गेलेले, लेबलंही पोरींनी कापून टाकलेली. म्हणजे अस्सल की नकली ते तपासायला क्यूआर कोड नाही, काही नाही.

खेळण्यांच्या धंद्यात मला एकोणीस वर्षं झाली, पण मालाची नाडी बघायचं हे काम गेल्या वर्षभरातलं. लबुबू काढला कासिंग लुंग या चित्रकाराने. जन्म हाँगकाँगचा, वाढला नेदरलँड्समध्ये. 2015 मध्ये त्याच्या चित्रपुस्तकांत हे ध्यान पहिल्यांदा आलं आणि 2019 पासून पॉप मार्ट ही चिनी खेळणी कंपनी त्याची खेळणी काढू लागली. हे हिरवं म्हणजे 2023 च्या मॅकरॉन मालिकेतलं 'ग्रीन ग्रेप'. त्याची भावंडं सोयामिल्क, टॉफी, सी सॉल्ट कोकोनट. नावं वाचून एका आजोबांनी मला विचारलं होतं, फॅमिली पॅक आहे का?

पहिल्यांदा दात मोजले. खऱ्याला नऊ असतात. दोघांनाही नऊ! नकली माल करणारेही आता मोजायला शिकलेत. थोरल्या म्हणाल्या, "आणि शेपूट? नेटवर वाचलं मी." शेपूट असते ती झिमोमोला. तो ह्यांच्या टोळीचा म्होरक्या, दिसायला तसाच. मागच्या महिन्यात एक मुलगा रडवेला होऊन आला होता, मित्रांनी त्याच्या अस्सल झिमोमोला शेपटीवरून नकली ठरवलं होतं. लबुबूला शेपूट नाही, आणि इथे दोघांनाही नव्हती.

धाकट्या पोरीने माझ्या नोटा तपासायच्या निळ्या दिव्याकडे बोट दाखवलं. "काका, ह्याच्याखाली पायावर शिक्का दिसतो ना?" पोरगी हुशार. पण तो शिक्का नव्या मालावर. 2023 च्या मालावर तो शोधणं म्हणजे आजीच्या लग्नाच्या फोटोत मोबाईल शोधणं. तरी तिच्या समाधानासाठी दिवा लावला. काही दिसलं नाही.

मग दोघांना शेजारी बसवून फक्त तोंडं बघत बसलो. पाच मिनिटं गेली असतील. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, मालक खाकरत होते. एकाचा चेहरा साय धरलेल्या दुधासारखा, चमक नाही. गालांचा गुलाबी रंग कडेला विरत गेलेला, कुठे संपतो ते कळू नये असा. दुसऱ्याचं तोंड तुपाचा हात लावल्यासारखं चकाकत होतं आणि गालावर टिकली चिकटवल्यासारखा रंग. डावा डोळाही केसभर वर. पाठीची फर बोटांनी फाकवली, तर पहिल्याची दाट निघाली. दुसऱ्याची विरळ, खालचं कापड जाळीसारखं दिसत होतं. शेवटी तळपाय. पहिल्यावर कंपनीचं नाव स्वच्छ. दुसऱ्यावर अक्षरं एकमेकांत गेलेली, ओल्या वहीवरच्या शाईसारखी.

"हा अस्सल," मी पहिला पुढे सरकवला.

थोरल्यांनी तो लगेच उचलला. "म्हणजे हा आमचा."

"आई, तो चिऊचा आहे," त्यांची लेक म्हणाली. इतका वेळ ती गप्प होती. तिने चकाकता लबुबू घेतला आणि कानामागची फर वर केली. खाली टक्कल. "इथे मी कात्रीने कापलं होतं. हा माझा."

दोघी पोरींना पहिल्यापासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

थोरल्यांचा चेहरा उतरला. भावाने तो नक्की कुठून घेतला, हे विचारणं माझं काम नव्हतं. मी बिलबुक उगाच सरळ केलं.

"अहो, असं कसं होईल?" धाकट्या म्हणाल्या. "आमचा तर साडेतीनशेचा. ह्यांनीच आणला क्रॉफर्ड मार्केटातून."

चिऊ लबुबूच्या कानातलं पाणी पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा म्हणाले होते, आईला साडेतीनशेच सांगायचे."

दुकानात दोन क्षण फक्त पंख्याचा आवाज. मग थोरल्या जावेला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

धाकट्यांनी पर्समधून फोन काढला आणि बाहेर फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. काचेतून आवाज येत नव्हता, हातवारे मात्र दिसत होते.